वडा उत्तम, दरवाढ आंतरराष्ट्रीय

नारायण पेठेतल्या या दुकानाचं नाव लिहीत नाही; उद्या पुन्हा जायचंय. वडा एक नंबर. आवरण पातळ, आलं-लसूण खलबत्त्यात ठेचलेलं, मधेच दाताखाली अख्खा धना येतो. मिरची तळून मिठात नीट घोळलेली. इथपर्यंत पाच तारे.

आता दरफलक. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला. आपलं बरंचसं सूर्यफूल तेल तिकडूनच यायचं, ते कडाडलं आणि जुन्या दरावर कागद चिकटला. रास्त आहे. पुढे तेल उतरलं, कागद काही उतरला नाही. २०२३ च्या अखेरीस येमेनमधल्या हुथी बंडखोरांनी लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले, जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली. इथे कागदावर कागद.

"काका, बटाटा तर मंचरचा ना?" असं विचारलं. झारा न थांबवता म्हणाले, "पेपर वाचायला वेळ आहे, सुट्टे आणायला नाही?"

चटणी जादा मिळते, पण नजरेसकट. संध्याकाळी दुचाकी लावायला जागा नसते, चालतच जा. दराला दोन तारे कापले. काकांच्या उत्तराला एक परत दिला.