गॅरेज सेलमधले मॉर्गन डॉलर आणि विक्रेत्यानेच पुढे केलेलं लोहचुंबक

न्यू जर्सीत मे महिना लागला की रस्त्यांवरच्या खांबांना गॅरेज सेलच्या, म्हणजे घरातल्या जुन्या वस्तू दारात मांडून विकण्याच्या, पाट्या लागायला लागतात. आपल्यातली बरीच मंडळी तिथे मुलांच्या सायकली, लाकडी कपाटं बघायला जातात. माझ्यासारखे काही जुन्या चांदीच्या नाण्यांसाठी जातात. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मला ज्याने फसवलं तो सराईत होता, आणि तो दुसऱ्या गावात पुन्हा टेबल मांडणार याबद्दल मला शंका नाही.

अमेरिकेत १९६४ पर्यंतचे डाइम (दहा सेंट), क्वार्टर (पंचवीस सेंट) आणि हाफ डॉलर ९० टक्के चांदीचे असत. १९६५ पासून डाइम-क्वार्टरमधली चांदी गेली, हाफ डॉलरमध्ये १९७० पर्यंत ४० टक्के उरली. त्या काळात लोकांनी जुनी नाणी बाजूला काढून ठेवली, म्हणून आजही कुणाच्या तळघरातल्या बरणीत ती निघतात. याहून मोठं आणि देखणं नाणं म्हणजे मॉर्गन डॉलर. १८७८ ते १९०४ आणि मग १९२१ साली पाडलेलं, तेही ९० टक्के चांदीचं. नकली माल या नाण्याचा खूप येतो.

त्या दिवशी अख्ख्या गावाचा सामायिक सेल होता. एका घरासमोरच्या टेबलावर साधारण पन्नाशीचा माणूस बसला होता. वरच्या ताटलीत १९६४ च्या आधीचे क्वार्टर, भाव रास्त. मी काही घेतले. ते खरे होते, आजही माझ्याकडे आहेत. डाव तिथूनच सुरू झाला. खरा माल आधी हातात दिला, मी नाण्याची कड कशी बघते, साल कसं वाचते हे शांतपणे पाहिलं, आणि मग टेबलाखालून कापडात गुंडाळलेली पेटी काढली. वडिलांचा संग्रह आहे, घर विकायला काढलंय, भावंडांत वाटणी करायची आहे, असं सांगितलं. पेटीत वीस मॉर्गन डॉलर होते. बहुतेकांवर गरुडाच्या खाली ‘सीसी’ ही खूण, म्हणजे नेवाडातल्या कार्सन सिटीच्या टांकसाळीची. संग्राहक या खुणेसाठी जास्त पैसे मोजतात.

मी काही विचारायच्या आत त्याने खिशातून लोहचुंबक काढून माझ्या हातात दिलं. “करा तपासणी, मला घाई नाही,” म्हणाला. एकही नाणं चिकटलं नाही. भावही संशय यावा इतका कमी सांगितला नाही. दुकानात साधं मॉर्गन तेव्हा ज्या किमतीला मिळायचं त्याच्या थोडा खाली, तीस डॉलरला एक. सहाशे डॉलर रोख घेतले आणि नाणी जपून वापरा, हात लावू नका, चमक जाते, असंही बजावलं.

लोहचुंबकाने लोखंडासारखे मोजकेच धातू कळतात. पितळ त्याला चिकटत नाही आणि चांदीही चिकटत नाही. ही नाणी चांदीचा मुलामा दिलेल्या पितळेची होती.

घरी सासूबाई सांगलीहून आल्या होत्या. त्यांनी एक नाणं ओट्यावर टाकलं आणि लगेच म्हणाल्या, “अगं, हे बद्द वाजतंय. राणीछाप रुपया असा नाही वाजत.” मग मी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा काढला. मॉर्गन डॉलरचं वजन २६.७३ ग्रॅम आणि व्यास ३८.१ मिलिमीटर. झिजलेलं नाणं थोडं हलकं भरेल, पण ही बावीस ग्रॅमच्या आसपास भरत होती. तेवढ्याच आकाराचं पितळ तेवढंच भरतं. सालं बघितली तर तीन नाण्यांवर १८८७ आणि खाली सीसी. कार्सन सिटीत मॉर्गन डॉलर पाडले गेले ते १८७८ ते १८८५ आणि पुन्हा १८८९ ते १८९३. मधल्या सालांचं सीसी नाणं अस्तित्वातच नाही. नाण्यांच्या दुकानदाराने एका नजरेत तेच सांगितलं.

आम्ही त्या घरी परत गेलो. दार उघडलेल्या बाईंना त्या माणसाचं नावही ठाऊक नव्हतं. सेलच्या दिवशी सकाळी त्याने विनंती केली, म्हणून त्यांनी अंगणात टेबल लावू दिलं होतं. वडील, संग्रह, वाटणी, सगळं बनाव. पोलिसांत तक्रार दिली, नाणी जमा केली. पैसे मिळाले नाहीत. १९७३ च्या कायद्याने नकली नाण्यावर ‘कॉपी’ असा ठसा असणं बंधनकारक आहे, आणि या नाण्यांवर तो नव्हता.

मला सर्वात राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. त्याच सेलमध्ये दोन गल्ल्या पलीकडे एक आजीबाई नवऱ्याने साठवलेले जुने डाइम दहा-दहा सेंटला, म्हणजे दर्शनी किमतीलाच विकत होत्या. मी त्यांना सांगितलं की एक डॉलर दर्शनी किमतीच्या अशा नाण्यांत सुमारे ०.७१५ ट्रॉय औंस (चांदी मोजायचं माप, साधारण ३१ ग्रॅम) चांदी असते. फोनवर त्या दिवसाचा भाव दाखवला आणि त्या हिशेबाने पैसे दिले. त्यांचा विश्वास बसायला वेळ लागला. अशा माणसांकडचा खरा माल उद्या लोक नकली समजून सोडून देतील, किंवा कुणी मुद्दाम नकली म्हणून कवडीमोलाने उचलेल. या भामट्यांमुळे त्यांचंही नुकसान होतं.

म्हणून सेलला जाताना खिशात मावणारा, ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा न्या. विक्रेत्यासमोर वजन करा आणि त्यालाही काटा वाचू द्या. प्रामाणिक माणूस हरकत घेत नाही. सीसी दिसलं तर साल ताडून बघा. पेटीतलं प्रत्येक नाणं तपासा, कारण खऱ्यांत नकली मिसळलेली असू शकतात. मोठी रक्कम असेल तर घर त्याचंच आहे का हे शेजारी विचारा आणि गाडीचा नंबर टिपून ठेवा. नकली नाणी गळ्यात पडलीच, तर ती पुढे विकू नका, तो गुन्हा आहे. तक्रारीसोबत पोलिसांकडे द्या. आमच्या तक्रारीनंतर त्याच गावातल्या आणखी एका कुटुंबाने याच वर्णनाच्या माणसाबद्दल तक्रार नोंदवली आहे, आणि अंगण देणाऱ्या बाईंनी त्याला ओळखायची तयारी दाखवली आहे.