केशमुळांचे रोपण की पेशींचे?

ठाण्यातील नौपाड्यात किंवा वाशीत हेअर ट्रान्सप्लांटचा सल्ला घेण्यासाठी जाणाऱ्याने केशमुळांचे प्रत्यारोपण आणि पेशींचे रोपण या दोन पर्यायांमधला फरक आधी समजून घ्यावा, असे मला मनापासून वाटते.

प्रत्यारोपणात डोक्याच्या मागच्या भागातील केशमुळे काढून टकलावर रोवली जातात. ही मुळे जागा बदलल्यावरही आपला मूळ गुणधर्म टिकवतात, हे अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ऑरेंट्राइख यांनी १९५९ मध्ये मांडले. मात्र यात नवे केशमूळ तयार होत नाही. मागचा साठाच विरळ असेल, तर कुशल शल्यविशारदाचेही हात बांधले जातात.

पेशींच्या मार्गाचे आकर्षण नेमके इथेच आहे. केशमुळाच्या तळाशी असलेल्या डर्मल पॅपिला पेशी भोवतालच्या त्वचेला केस घडवण्याचे संकेत देतात. त्या थोड्याशा काढून प्रयोगशाळेत वाढवल्या, तर साठ्याची मर्यादाच उरणार नाही. अडचण अशी की, सपाट बशीत वाढवलेल्या मानवी पेशी हे सामर्थ्य गमावतात. कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये त्या लोंबत्या थेंबांत गोळ्यांच्या रूपात वाढवल्या आणि उंदरांवर रोपलेल्या मानवी त्वचेत नवे केस उगवले. तरीही केसांची दिशा, रंग आणि वाढीचे चक्र साधणे बाकी आहे.

प्लेटलेटयुक्त रक्तद्रव (पीआरपी) डोक्यात टोचणे म्हणजे हा पेशींचा उपचार नव्हे. मागचे केस दाट असतील, तर आज मी प्रत्यारोपणच सुचवीन. पेशींच्या नावाने आगाऊ पैसे मात्र कोणी भरू नयेत.