करवाढीवर मतदान आणि पक्षादेश: ब्रिटन आणि भारत

ब्रिटनमध्ये 1994 मध्ये घरगुती इंधनावर 8 टक्के व्हॅट लागू झाला. तो 17.5 टक्क्यांवर नेण्याचा सरकारचा बेत होता. हिवाळ्यात घर गरम ठेवणं तिथे चैन नव्हे, त्यामुळे सत्ताधारी हुजूर पक्षातलेच काही खासदार बिथरले. 6 डिसेंबरला मतदान झालं आणि सरकार 311 विरुद्ध 319 असं हरलं. कर 8 टक्क्यांवरच राहिला. बंडखोरांवर पक्षाची खप्पामर्जी होऊ शकते, पुढे उमेदवारीही जाऊ शकते, पण खासदारकी जात नाही.

आपल्याकडे नेमकी तीच जाते. 1985 च्या 52 व्या घटनादुरुस्तीने आलेल्या दहाव्या परिशिष्टानुसार व्हिप, म्हणजे पक्षादेश, मोडून मत दिलं आणि पक्षाने 15 दिवसांत माफ केलं नाही, तर सदस्य अपात्र ठरू शकतो. आयाराम-गयाराम थांबवायला केलेला कायदा दह्या-पिठावरच्या करालाही लागू पडतो, हे जरा अतिच!

त्यात जीएसटीचे दर ठरतात केंद्र आणि राज्यांच्या मंत्र्यांच्या जीएसटी परिषदेत, लागू होतात सरकारच्या अधिसूचनेने, सभागृहात मतदान न होता. 18 जुलै 2022 पासून पाकीटबंद, लेबल लावलेल्या पिठावर आणि दह्यावर 5 टक्के कर आला तो असाच. म्हणजे बंड करायची हिंमत असली तरी बटण दाबायची वेळच येत नाही.

ब्रिटिश पद्धतीत सरकार डळमळीत होतं, मान्य. पण कराच्या प्रश्नावर मला तीच बरी वाटते. व्हिपची सक्ती विश्वासदर्शक ठरावापुरती ठेवली तरी आपलं सरकार पडणार नाही.