दिवाडीवर चोणकाच्या मागावर

"रांव मातशें", म्हणजे "थांब जरा", हे दोन शब्द आमच्या गाइडनं माझ्या मेव्हण्याला इतक्यांदा ऐकवले, की संध्याकाळपर्यंत तेवढं कोकणी त्याचं पाठ झालं. मेव्हणा पुण्याचा. पैसे भरले की मासा लागलाच पाहिजे, असा त्याचा हिशेब.

चोणक हा खाडीतला मोठा मासा. तो गरीनं धरायला जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीनं दिवाडीला जायचं. लॉजच्या जाहिरातीत 'निर्जन बेट' म्हटलंय. सकाळी पोदेर (पाववाला) भोंपू वाजवत दारात येतो, तर निर्जन कसलं? खोल्या ठीक. हुमणाला (माशाच्या आमटीला) मात्र पाकिटातलं नारळाचं दूध. दिवाडीवर माडांचा काय दुष्काळ पडलाय?

पैसे वसूल होतात ते गाइडमुळे. भरती संपत आली तेव्हा त्यानं होडी एका मानशीच्या (बांधातल्या पाण्याच्या दाराच्या) समोर, पण बरीच लांब नांगरली. मानशीतल्या मासळीचा हक्क लिलावात गेलेला असतो, तिथं गरी टाकली तर भांडण ठरलेलं. ओहोटी लागली की खाजनातलं, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीतलं, पाणी त्या दारातून बाहेर पडतं, त्याबरोबर सुंगटं (कोळंबी) आणि बारीक मासळी वाहत येते. चोणक प्रवाहाच्या कडेला त्यांचीच वाट बघत असतो. पाणी वळेपर्यंत त्यानं आम्हाला रॉडला हात लावू दिला नाही. तेवढ्या वेळात गरीच्या वर हातभर जाड नायलॉन बांधून दिलं, कारण चोणकाच्या कल्ल्याचं झाकण धारदार असतं, बारीक दोरी सहज कापली जाते.

मोठा चोणक लागला तो मेव्हण्यालाच. फोटो काढून झाल्यावर गाइडनं तो सरळ पाण्यात सोडला. चोणक आधी नर असतो, वाढला की मादी होतो. म्हणजे मोठे ते बहुतेक अंडी घालणारे. मेव्हण्याचा चेहरा बघण्यासारखा होता. नंतर लागलेला छोटा तांबोसा ठेवला, रात्री रवा लावून तळला. तो फार चांगला झाला.

रिळं मात्र गंजलेली. माणशी साडेतीन हजार घेता, तर रीळ तरी धड द्या.

जायचं तर अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास जा, पाण्याला ओढ असते. अष्टमीच्या भांगाला ते नुसतंच डुलतं. फोन उचलणारा मुलगा शनिवार हवा की रविवार एवढंच विचारतो. त्याला सांगा, फोन गाइडकडे दे.