पुढच्या मोसमाचे पाच कोण? जुने, नवखे की बाहेरून आलेले

अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात शिकणारा माझा भाचा दर ऑगस्टमध्ये फोन करतो आणि एकच प्रश्न विचारतो, "मामा, पाच नावं सांग." तिथल्या मराठी पोरांच्या घोळक्यात पैज लागलेली असते. नोव्हेंबरात कॉलेज बास्केटबॉलचा मोसम सुरू व्हायच्या आत प्रत्येकाने सुरुवातीचे पाच, बाकावरून पहिला उठणारा सहावा आणि प्रत्येकाची साधारण मिनिटं कागदावर लिहून द्यायची. हरणाऱ्याने सगळ्यांना पावभाजी खाऊ घालायची.

घोळ दरवर्षी एकाच ठिकाणी होतो. संघात तीन तऱ्हेची माणसं असतात. गेल्या वर्षीचे उरलेले, शाळेतून गाजत आलेले फ्रेशमन, म्हणजे पहिल्या वर्षाचे, आणि ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्यांच्या यादीतून, दुसऱ्या कॉलेजातून आलेले. 2021 पासून एक वर्ष बाहेर न बसता कॉलेज बदलता येऊ लागलं आणि 2024 मध्ये कितीही वेळा बदलायची मुभा मिळाली, तेव्हापासून ही तिसरी जमात फारच वाढली आहे. यातल्या कोणावर भरवसा ठेवून कागद भरायचा, हा खरा प्रश्न.

त्याआधी एक बेरीज. सामना 40 मिनिटांचा, मैदानावर पाचजण, म्हणजे वाटायला 200 मिनिटं. भाच्याचा पहिला कागद मी बेरजेला घेतला तेव्हा 243 आली. नवा आला की त्याला 25 मिनिटं द्यायची, पण ती कोणाच्या ताटातून काढायची हे लिहायचं नाही, असा तो कारभार होता. निम्मे अंदाज इथेच फसतात.

जुने परत आले म्हणजे झालं?

जुन्यांची बाजू घेणाऱ्यांना मी नेहमी नॉर्थ कॅरोलायनाची आठवण करून देतो. 2022 च्या अंतिम सामन्यात हा संघ कॅन्ससविरुद्ध मध्यंतराला 15 गुणांनी पुढे होता आणि 72-69 असा हरला. त्या पाचांतले चौघे परत आले. आर्मांडो बेकॉट, आर. जे. डेव्हिस, केलेब लव्ह आणि लीकी ब्लॅक. मोसमाआधीच्या क्रमवारीत संघ पहिला. आणि मार्चमध्ये एनसीएए स्पर्धेत, म्हणजे देशाचा विजेता ठरवणाऱ्या बाद स्पर्धेत, त्यांना जागाच मिळाली नाही. स्पर्धा 1985 मध्ये 64 संघांची झाल्यापासून मोसमाआधी पहिल्या असलेल्या संघावर अशी वेळ आली नव्हती.

गेला होता तो फक्त पाचवा, ब्रॅडी मॅनेक. तो उंच होता आणि बाहेरून थ्री, म्हणजे लांबचा तीन गुणांचा शॉट, मारायचा. त्याला धरायला प्रतिस्पर्ध्याचा उंच माणूस बास्केटपासून लांब यायचा आणि आत बेकॉटला मोकळं रान मिळायचं. त्याच्या जागी नॉर्थवेस्टर्नहून पीट नॅन्स आला. खेळाडू चांगला, पण मॅनेकने ओढून नेलेली गर्दी त्याच्यामागे गेली नाही. संघाची थ्रीची टक्केवारी 36 च्या आसपास होती, ती 31 वर घसरली. कागदावर 80 टक्के संघ जसाच्या तसा होता. जे 20 टक्के गेले, त्यावर उरलेले उभे होते.

आता पर्ड्यू. मार्च 2023 मध्ये पहिल्या मानांकनाचा हा संघ सोळाव्या मानांकनाच्या फेअरली डिकिन्सनकडून 63-58 हरला. 7 फूट 4 इंचांच्या झॅक ईडीभोवती त्या बुटक्या संघाने कोंडाळं केलं आणि बाकीच्यांना म्हणाले, मारा बाहेरून. पर्ड्यूने 26 थ्री मारले, 5 आत गेले. त्या उन्हाळ्यात ईडी परत आला, ब्रेडन स्मिथ आणि फ्लेचर लॉयर हे दोन गार्ड, म्हणजे चेंडू खेळवणारे, परत आले. बाहेरून फारसं कोणी घेतलं नाही. प्रशिक्षक मॅट पेंटर यांनी सदर्न इलिनॉयहून लान्स जोन्स नावाचा एक गार्ड तेवढा आणला. नॉर्थ कॅरोलायनाची फजिती ताजी असल्याने पुष्कळांनी नाकं मुरडली.

फरक असा की पर्ड्यूचं गेलेलं काम जवळपास शून्य होतं आणि कमी पडलेलं काम एकच होतं. चेंडू सांभाळणारा आणि बाहेरून मारणारा आणखी एक हात हवा होता. जोन्सने तेच केलं. त्याची गुणांची सरासरी जुन्या कॉलेजात 13.8 होती, इथे 12 च्या आत आली. म्हणजे नुसते गुण बघणारा म्हणेल, उतरला. पण स्मिथ आणि लॉयर एका वर्षाने मोठे झाले, ईडीच्या मदतीला धावणाऱ्यांना शिक्षा करणारे हात वाढले आणि संघाची थ्रीची टक्केवारी 32 वरून 40 च्या वर गेली. संघ थेट अंतिम सामन्यात पोहोचला.

भाच्याचा कागद मात्र याच संघात चुकला. मेसन गिलिस आदल्या वर्षी बहुतेक सामने पहिल्या पाचांत होता, म्हणून त्याने पुन्हा तिथेच लिहिला. पेंटर यांनी ट्रे कॉफमन-रेनला सुरुवातीला घेतलं आणि गिलिसला बाकावर बसवलं. गिलिस बिग टेनचा, म्हणजे पर्ड्यू ज्या लीगमध्ये खेळतो तिचा, सर्वोत्तम सहावा खेळाडू ठरला. जुना माणूस परत येतो तेव्हा त्याची खुर्ची सोबत येतेच असं नाही. त्याचं काम मात्र बहुधा येतं.

केंटकीची दोन वर्षं

नवखे आणि बाहेरून आलेले यांची तुलना करायला केंटकीइतकं सोयीचं उदाहरण नाही. एकाच गावात, लागोपाठच्या दोन मोसमांत दोन्ही प्रयोग झाले.

2023-24 मध्ये प्रशिक्षक जॉन कॅलिपारी यांनी देशातल्या गाजलेल्या फ्रेशमनांची फौज आणली. जस्टिन एडवर्ड्‌स आणि डी. जे. वॅग्नर ही शाळकरी क्रमवारीतली अगदी वरची नावं, त्यामुळे सगळ्यांच्या कागदावर तीच आधी. रीड शेपर्ड त्या यादीत बराच खाली. तो केंटकीच्याच माजी खेळाडूंचा मुलगा, म्हणून घरचं पोर म्हणून कौतुक होतं इतकंच. घडलं ते असं. एडवर्ड्‌स आणि वॅग्नर बहुतेक सामने सुरुवातीला उतरले, शेपर्ड 33 पैकी फक्त 5 सामन्यांत. तरी मिनिटं मोजली तर शेपर्ड सरासरी जवळपास 29 मिनिटं खेळला आणि त्याचे निम्म्याहून जास्त थ्री आत गेले. 2024 च्या एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगच्या खेळाडूनिवडीत, तो तिसरा आणि असाच बाकावरून येणारा रॉब डिलिंगहॅम आठवा निवडला गेला. एडवर्ड्‌सला कोणी निवडलंच नाही.

यावरून मी दोन गोष्टी केल्या. फ्रेशमनांच्या बाबतीत त्यांच्यातला क्रम लावायचं सोडून दिलं. तिघे चमकतील हे सांगता येतं, कोणते तिघे ते नाही. आणि भाच्याला सांगितलं की पैजेचे नियम बदला. सामना सुरू करणारे पाच लिहू नका, शेवटची पाच मिनिटं मैदानावर कोण असेल ते लिहा. क्रिकेटमध्ये सलामीला कोण जातो आणि शेवटच्या षटकांत कोणावर भिस्त असते, यातला फरक आपल्याला कोणी शिकवावा लागत नाही.

तो संघ पहिल्याच फेरीत ओकलंडकडून 80-76 हरला. जॅक गोल्की नावाच्या गड्याने एकट्याने 10 थ्री आत घातले. कॅलिपारी आर्कन्सॉला गेले आणि मार्क पोप आले तेव्हा शिष्यवृत्तीवरचा एकही जुना खेळाडू उरला नव्हता. पोप यांनी जवळजवळ अख्खा संघ पोर्टलमधून उभा केला. सॅन डिएगो स्टेटचा लमॉन्ट बटलर, ओक्लाहोमाचा ओटेगा ओवे, डेटनचा कोबी ब्रे, ड्रेक्सेलचा अमारी विल्यम्स आणि आणखी काही. एकमेकांशी एक सामना न खेळलेली माणसं. तरी हा संघ शेवटच्या सोळांत गेला.

आणि अंदाज बांधणाऱ्याच्या दृष्टीने हा दुसरा संघ पुष्कळ सोपा होता. कारण सरळ आहे. विशी ओलांडलेल्या गड्याचं काम ठरलेलं असतं. ब्रे डेटनमध्ये जवळपास 50 टक्के थ्री मारत होता, केंटकीत 43 च्या वर राहिला. टक्के उतरले, काम तेच. चुकायला जागा होती ती दोन ठिकाणी. ओवे ओक्लाहोमात 11 गुणांचा होता, इथे 16 च्या वर जाऊन संघात पहिला आला. विल्यम्स ड्रेक्सेलला बचावासाठी प्रसिद्ध, पोप यांनी त्याला बास्केटपासून थोडं लांब उभं करून त्याच्या हातून पास खेळवले. म्हणजे बाहेरून आलेल्याचं जुनं काम बघायचंच, पण नवा प्रशिक्षक उंच माणसाकडून काय करून घेतो तेही बघायचं. छोट्या लीगमधून मोठ्या लीगमध्ये येणाऱ्याच्या गुणांना मी डोळे मिटून कात्री लावतो. डाल्टन कनेक्टसारखा एखादा नॉर्दर्न कोलोरॅडोहून टेनेसीला येतो आणि 20 चे जवळपास 22 करतो. तेव्हा मी हरतो, पण असे हरायचे प्रसंग कमी.

ज्यांनी तिन्ही वापरले

2023 चं विजेतेपद जिंकल्यावर यूकॉनमधून, म्हणजे कनेक्टिकट विद्यापीठातून, अदामा सानोगो, जॉर्डन हॉकिन्स, आंद्रे जॅक्सन आणि बाकावरचे आणखी दोघे गेले. 200 पैकी निम्म्याहून जास्त मिनिटं रिकामी. मोसमाआधी संघ सहावा धरला गेला, आणि मीही तसाच धरला असता.

पण कोणाचं काम कोणाकडे जाणार हे प्रशिक्षक डॅन हर्ली यांच्या यादीत आधीच दिसत होतं. सानोगोच्या मागे साधारण 13 मिनिटं खेळणारा 7 फूट 2 इंचांचा डोनोव्हन क्लिंगन तयार होता. त्या 13 मिनिटांत तो जवळपास 7 गुण काढायचा, म्हणून दुप्पट मिनिटं मिळाली तर काय होईल याला ज्योतिषी लागत नव्हता. हॉकिन्सचे थ्री मारायला रटगर्सहून कॅम स्पेन्सर आणला, जो तिथे 43 टक्क्यांनी मारत होता. जॅक्सनसारखा आडदांड बचाव करायला स्टेफॉन कॅसल हा एकच मोठा फ्रेशमन. ट्रिस्टन न्यूटन आणि ॲलेक्स कॅरॅबन घरचेच. तिन्ही तऱ्हा होत्या, पण प्रत्येकाला ठरावीक भोक बुजवायचं होतं. 37 विजय, 3 पराभव, पुन्हा विजेते.

अंतिम सामना या दोघांतच झाला, यूकॉन आणि पर्ड्यू. अमेरिकेत 8 एप्रिल 2024 ची रात्र, आपल्याकडे गुढीपाडव्याची सकाळ. सात वाजता घरात गुढीची धावपळ आणि मी कोपऱ्यात मोबाईल धरून. हर्ली यांनी ईडीवर क्लिंगन एकटा ठेवला आणि बाकीच्या चौघांना सांगितलं की आपापल्या माणसाला सोडून मदतीला जायचं नाही. ईडीने 37 गुण केले. पर्ड्यूने अख्ख्या सामन्यात 7 थ्री मारले, एक आत गेला. 75-60. भाच्याचा तिकडून मेसेज आला, "जोन्सला शॉटच मिळत नाहीये." आमची गुढी त्या वर्षी थोडी उशिरा उभी राहिली.

तर यंदा कागद भरायचा असेल आणि एकच तऱ्हा निवडायची असेल, तर मी जुन्यांची निवडेन, पण गेलेल्या माणसाचं काम लिहून काढल्यावरच. ते काम कोणाकडे जातं हे नाव घेऊन सांगता येत नसेल तर नॉर्थ कॅरोलायना आठवायची आणि बाहेरून आलेल्यांकडे वळायचं. फ्रेशमनपैकी एकालाच पहिल्या पाचांत धरायचं, तेही मोकळ्या जागेवर. मे संपेपर्यंत काहीच लिहायचं नाही. ड्राफ्टमधून नाव मागे घ्यायची मुदत तेव्हा असते, आणि 2023 मध्ये ईडीने अगदी शेवटच्या दिवसापर्यंत सगळ्यांना टांगून ठेवलं होतं.

भाच्याने यंदाचा कागद पाठवला आहे. बेरीज 200 आहे. सहाव्याच्या जागी मात्र दोन नावं लिहून मध्ये प्रश्नचिन्ह टाकलंय.