एसीच्या क्लचला करंट पोचत नव्हता आणि मी ३१,००० चा कॉम्प्रेसर बसवून आलो

गेल्या मे महिन्यात पिंपळगाव बसवंतहून कांदा भरून इंदूरला निघालो होतो. गाडी माझी स्वतःची, एकच आहे आणि चालवतोही मीच. राहुड घाट ओलांडला तोवर केबिन गार होती. मालेगाव मागे पडलं आणि एसीतून एकदम गरम हवा यायला लागली. ब्लोअर जोरात, हवा भरपूर, पण गारवा काहीच नाही. धुळ्यापर्यंत अंगातला शर्ट पिळून काढावा असा झाला.

पुढे हायवेला लागून एक एसीचं गॅरेज दिसलं, तिथे गाडी घेतली. तिथल्या मिस्त्रीने गॅसचा दाब मोजायचं गेज लावलं (निळा काटा कमी दाबाच्या बाजूचा, लाल जास्त दाबाच्या) आणि मला जवळ बोलावलं. "शेठ, बघा. निळा काटा १३० वर, लालही १३० वर. दोन्ही सारखे म्हणजे कॉम्प्रेसर दाबच देत नाही. मेला." मी काटे बघितले, खरंच सारखे होते. भावाला पाठवायला म्हणून फोटो काढला. मागे कांदा तापत होता, इंदूरचा व्यापारी फोन करत होता. मी हो म्हणालो.

इथेच मी फसलो, म्हणून हे नीट सांगतो. कॉम्प्रेसर फिरत नसेल तेव्हा दोन्ही काटे सारखेच असणार. चांगल्यातल्या चांगल्या एसीतही तसंच होतं. कॉम्प्रेसरच्या पुलीवर बेल्ट कायम फिरत असतो, पण पुढची चकती क्लचला, म्हणजे पुली आणि कॉम्प्रेसर जोडणाऱ्या विजेच्या जोडाला, करंट मिळाला तरच फिरते. एसीचं बटन दाबल्यावर "टक्" असा आवाज येतो तो त्याचाच. माझ्या गाडीत तो आवाज येत नव्हता. चकती का फिरत नाही, हे त्याने मला दाखवलं नाही आणि मला विचारायचं सुचलं नाही.

तीन तासांत कॉम्प्रेसर बदलला, गॅस भरला, हवा गार झाली. कॉम्प्रेसर, गॅस, मजुरी मिळून ३१,००० रुपये. पक्कं बिल मागितलं तर साध्या चिठ्ठीवर आकडा लिहून दिला. पैसे त्याच्या खासगी नंबरवर ऑनलाइन पाठवले. जुना कॉम्प्रेसर "भंगारात १,००० कापून घेतो" म्हणाला. तो मी तिथेच सोडला, ही दुसरी मोठी चूक.

चौथ्या दिवशी परतीला, बिजासनी घाटाच्या अलीकडे, पुन्हा तीच गरम हवा. त्या गॅरेजवाल्याला फोन केला तर म्हणतो, इलेक्ट्रिक पार्टची गॅरंटी नसते. नंतर फोन उचललाच नाही.

नाशिकला द्वारकाजवळ एक वयस्कर वायरमन आहेत, त्यांच्याकडे गाडी लावली. काकांनी गेज नाही, आधी २४ व्होल्टचा टेस्ट लॅम्प काढला. कॉम्प्रेसरला जाणाऱ्या वायरीला लावला, दिवा लागला नाही. कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लग, हातात धरून जरा हलवला, दिवा लागला. सोडला, विझला. कपलर उघडला तर आतली पिन हिरवी पडलेली, अर्धी झिजलेली. आणि त्याच्या मागे वायरीवर काळी टेप, अगदी नवी, चकाकणारी. बाकीच्या सगळ्या वायरिंगवर बोटभर धूळ होती. काका म्हणाले, "भाऊ, ज्याने ही टेप मारली त्याला बिघाड दिसला होता."

मला राग आला तो या टेपचा. चुकीचं निदान झालं असतं तर एक वेळ समजून घेतलं असतं.

कपलर बदलायचे काकांनी ३५० रुपये घेतले. चकती टक् करून फिरली, पण पूर्वीसारखा गारवा आला नाही, म्हणून त्यांनी ओळखीच्या एसीवाल्याकडे पाठवलं. लाल काटा फार वर जात होता, सिस्टिममध्ये बाहेरची हवा राहिलेली. आधीच्याने आतली हवा ओढून काढणारा व्हॅक्यूम पंप लावलाच नव्हता, ओलावा शोषणारा ड्रायरही जुनाच. याने गॅस काढून घेतला, नायट्रोजनने लीक तपासला, नवा ड्रायर टाकला, ४० मिनिटं व्हॅक्यूम केला आणि स्टिकरवर लिहिलेल्या वजनाप्रमाणे १३४ए हा एसीचा गॅस वजनकाट्यावर तोलून भरला. ५,८०० गेले. माझ्या फोनमधला जुना फोटो बघून म्हणाला, एवढ्या उन्हात काटा १३० वर आहे म्हणजे आत गॅस होता, रिकाम्या सिस्टिममध्ये तो एवढा वर राहत नाही. "नव्या" कॉम्प्रेसरवर रंगाखाली पान्याच्या खुणा होत्या, कंपनीची पट्टी काढलेली होती. माझा चांगला कॉम्प्रेसर आज कोणाच्या गाडीत आहे ते मला ठाऊक नाही.

१ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली आहे. आयुष्यभर खिडकी उघडी ठेवून गाडी चालवलेले आपले कितीतरी भाऊ आता पहिल्यांदा एसीच्या गॅरेजात जाणार, म्हणून कळकळीने सांगतो. आधी टक् आवाज ऐका, इंजिन चालू असताना बेल्टपासून हात लांब ठेवून चकती बघा. फिरत नसेल तर फ्यूज, रिले, कपलर तपासल्याशिवाय कॉम्प्रेसरला हात लावू देऊ नका. गाडी पळताना गार आणि सिग्नलला गरम होत असेल तर कंडेन्सरचा (गरम गॅस थंड करणाऱ्या जाळीचा) पंखा किंवा जाळीतला कचरा बघा. बाहेरच्यापेक्षाही गरम, इंजिनची धग यावी तशी हवा येत असेल तर हीटरला इंजिनचं गरम पाणी सोडणारा कॉक उघडा राहिलेला असू शकतो. गारवा हळूहळू महिनाभरात कमी होत गेला असेल तरच लीकचा संशय आधी घ्या. आणि काढलेला पार्ट आपल्याच गाडीत टाकून आणायचा, भंगाराचे हजार रुपये गेले तरी चालतील.

मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. धंद्यासाठी घेतलेली सेवा ग्राहक कायद्यात बसत नाही, असं मला आधी सांगण्यात आलं होतं. पण २०१९ च्या कायद्यात, स्वतः राबून पोट भरण्यासाठीच विकत घेतलेली वस्तू धंद्यासाठीची धरत नाहीत, आणि कॉम्प्रेसर ही वस्तूच आहे. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला जिल्हा आयोगात फीदेखील नाही. माझ्याकडे पक्कं बिल नाही. चिठ्ठी, पैसे पाठवल्याची नोंद, गेजचा फोटो आणि टेप गुंडाळलेला तो कपलर आहे. तेवढ्यावर दावा लावतो आहे.