पिसे उपटणाऱ्या पोपटाची पक्षिवैद्यांकडील तपासणी: एक अभिप्राय

माझ्या आफ्रिकन ग्रे पोपटाने छातीवरची आणि पंखांखालची पिसे उपटून टाकलेली होतीच; परंतु त्या उघड्या कातडीवर एके सकाळी हिरवा डाग दिसला, तेव्हा तेथील मांस सडू लागले असावे या धास्तीने मी फक्त पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या दवाखान्यात धाव घेतली.

डॉक्टरांनी त्याला हातात घेण्यापूर्वी बराच वेळ पिंजऱ्यातच न्याहाळले आणि मग विचारले, ‘‘दोन-तीन दिवसांत हा कुठे पडला होता का?’’ तो रात्री दांडीवरून खाली पडला होता, ही गोष्ट मी विसरूनच गेलो होतो. हिरवा रंग मुक्या माराचा होता. साकळलेल्या रक्तातून बिलिव्हर्डिन हे हिरवे रंगद्रव्य तयार होते. माणसात पुढे त्याचे पिवळे बिलिरुबिन बनते, मात्र पक्ष्यांमध्ये हे रूपांतर जवळजवळ होत नसल्यामुळे त्यांचा मुका मार हिरवा दिसतो, हे त्यांनी इतक्या सोप्या शब्दांत सांगितले की माझा जीव भांड्यात पडला.

छातीवरचे निळसर काळे ठिपके म्हणजे कातडीखाली वाढणारी, रक्ताने भरलेली कोवळी पिसे होती. पोपटाची कातडी अतिशय पातळ असल्याने छातीच्या स्नायूंचा गडद लालपणाही तिच्यातून दिसतो, आणि पिसे नसली की तो प्रथमच डोळ्यांत भरतो. खरी काळजी करावी ती सूज व खपल्यांसह येणाऱ्या लालीची किंवा जाड, पिवळट गाठीची. अशी गाठ चरबी साचून झालेली झँथोमा असू शकते.

या तपासणीत मला सर्वाधिक मोलाचे वाटले ते हे, की केवळ रंगावरून त्यांनी निदान केले नाही. डोक्यावरची पिसे शाबूत होती, म्हणजे चोच पोहोचते तेवढीच जागा उघडी पडली होती. तरीही चोच व पिसांच्या विषाणुजन्य रोगाची शंका दूर करण्यासाठी त्यांनी रक्ताचा नमुना घेतलाच.

एक उणीव मात्र नोंदवली पाहिजे. अहवाल फक्त फोनवरून तोंडी कळवण्यात आला. जुनाट विकारात पुढच्या वेळी तुलना करता यावी म्हणून लेखी नोंद आणि डागांची छायाचित्रे पालकाला मिळायलाच हवीत. तरीही पोपटाच्या कातडीवर अनोळखी रंग दिसताच मलम लावू पाहणाऱ्या प्रत्येकाला मी आधी अशा तपासणीकडेच पाठवेन, कारण तेलकट मलमाने उरलेली पिसेही चिकटतात आणि पक्षी ते चोचीने चाटून पोटात घेतो.